हर्सूलचा तलाव येईपर्यंत

आमची जीप सुरू व्हायला दहा मिनिटं लागायची, पण आत्याचे नियम पाळून उंबरा ओलांडायला तास जायचा. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण, त्यांची आक्का. लग्नानंतर दोनच वर्षांत नवरा गेला आणि ती भावाकडे आली ती कायमची. वडील ओव्हरसिअर होते, रस्त्याच्या कामावर पन्नास माणसांना दम द्यायचे. घरी मात्र आक्कापुढं त्यांचा आवाज निघत नसे. आईचा तर प्रश्नच नव्हता.

नियम असे. निघताना प्रत्येकाच्या हातावर दही. उजवा पाय आधी. 'कुठं' हा शब्द कुणी तोंडातून काढायचा नाही. एकदा निघालं की मागं वळून बघायचं नाही आणि निघालेल्या माणसाला मागून हाक मारायची नाही, मग घराला आग का लागेना. सगळ्यात कडक नियम म्हणजे 'राहिलं' म्हणायचं नाही. काही विसरलं असेल तर गप्प बसायचं आणि शहराची हद्द ओलांडल्यावर म्हणायचं, "अमुक वस्तू मागून येतेय." हद्दही आत्यानं ठरवून दिली होती. जालन्याकडे जाताना चिकलठाणा, सिल्लोडकडे जाताना हर्सूलचा तलाव.

या नियमापायी आम्ही काय काय सोसलं आहे. एकदा जालन्याच्या एका लग्नाला निघालो आणि वडिलांच्या कपड्यांची पिशवी ओट्यावरच राहिली. आईनं ती पाहिली होती. चिकलठाणा मागं पडल्यावर ती हळूच म्हणाली, "अहो, तुमची पिशवी मागून येतेय." वडिलांनी दोन दिवस प्रवासातल्या मळक्या लेंग्यावर लग्न साजरं केलं आणि वरमाईनं त्यांना आचाऱ्याचा माणूस समजून मीठ मागितलं. आत्याला त्याचं काही नव्हतं. "पण गेलो सुखाचं, आलो सुखाचं," असं ती वर म्हणाली.

तिला नावं ठेवायला मला आवडतं, पण एक सांगायला हवं. हे नियम तिनं हौसेनं काढलेले नव्हते. रझाकारांच्या दिवसांत गाव सोडून पहाटेच्या अंधारात बैलगाडीत बसावं लागलं, तेव्हा तिच्या आईनं सगळ्यांना बजावलं होतं की मागं बघू नका, बघितलं की पाय निघत नाही. त्या गाडीतली सगळी माणसं जिवंत राहिली. पुढं पोलीस ॲक्शन झाली, निजाम गेला, आम्ही पोरं जन्मलो, पण आत्याच्या लेखी प्रत्येक प्रवास त्या गाडीतलाच होता. हे मला फार उशिरा कळलं. नऊ वर्षांच्या वयात मला एवढंच कळायचं की आत्या जीपमध्ये पुढं बसते आणि आई मागं, सामानात.

जीप वडिलांनी लिलावात घेतली होती. वर ताडपत्री, मागं समोरासमोर दोन फळ्या. त्यांवर आई, मी, माझा सहा वर्षांचा भाऊ आणि सगळी बोचकी. आई शेवटी चढायची, मागची साखळी लावायची आणि जीपच्या पत्र्यावर हाताच्या दोन थापा मारायची. दोन थापा म्हणजे सगळे बसले, चला. जीपचा आवाज असा होता की बोलून काही पुढं पोचत नसे, म्हणून ही खूण.

आता त्या दिवाळीबद्दल. आईला एकच भाऊ. अजिंठ्याच्या अलीकडे आत दोन कोसांवर त्याचं गाव. तो आईपेक्षा आठ वर्षांनी लहान, आईच्या कडेवरच वाढलेला. त्याला ओवाळायला जायचं आणि दरवर्षी माशी शिंकायची. एका वर्षी माझ्या भावाला गोवर आला. दुसऱ्या वर्षी आत्याचा गुडघा सुजला. तिसऱ्या वर्षी आम्ही निघालो, आणि निघताना मला दिसलं की पाण्याची कळशी ओट्यावर आहे. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. मी चालत्या जीपमधून ओरडले, "कळशी राहिली!" आत्यानं कपाळाला हात लावला. फुलंब्रीपाशी जीपच्या पुढच्या भागातून वाफेचा लोट उठला, रेडिएटर गेला, आणि तीन तास झाडाखाली बसून आम्ही जीप एका ट्रकमागं दोरीनं बांधून घरी आलो. आई त्या दिवशी मला एक शब्द बोलली नाही. घरी येऊन तिनं ओवाळायचं ताट उतरवलं, निरांजन पुसून फडताळात ठेवलं आणि स्वयंपाकाला लागली. मी ते पाहिलं आणि माझ्या मनानं घेतलं की हे माझ्या तोंडामुळं झालं. आत्या तसं म्हणालीच होती.

आत्याची भाऊबीज मात्र कधी चुकली नाही. तिचा भाऊ घरातच होता.

चौथ्या वर्षी मामाचं पत्र आलं. त्यात लिहिलं होतं, "ताई, या खेपेला तू आल्याशिवाय मी जेवणार नाही." आईनं ते पत्र आम्हा सगळ्यांना तीन वेळा वाचून दाखवलं. तिनं मामासाठी अनारसे केले, आठ दिवस आधी तांदूळ भिजवून, आणि एका पितळी डब्यात भरून तो डबा उंच फळीवर ठेवला, आमचा हात पुरू नये म्हणून. वडिलांना एकच दिवसाची रजा होती. भाऊबीजेला जायचं, दुसऱ्या दिवशी सकाळी परत. आईनं एकदाच विचारलं, "दोन दिवस नाही का राहता यायचं?" वडील म्हणाले, "साहेबाला काय सांगू, मेव्हण्याचे अनारसे संपले नाहीत म्हणून?" आईनं पुन्हा विचारलं नाही. आणि मी मनाशी शपथ घेतली की जीभ चावून रक्त आलं तरी हर्सूलच्या तलावापर्यंत बोलायचं नाही.

भाऊबीजेच्या सकाळी आत्यानं वडिलांना ओवाळलं. ताट आईनंच तयार करून दिलं. मग दही झालं, उजवा पाय झाला, आत्या पुढं बसली, आम्ही मागं चढलो. आईनं बोचकी आत ढकलली, पाय वर ठेवला आणि एकदम तिच्या चेहऱ्यावर काहीतरी उमटलं. अनारशांचा डबा. ती काही न बोलता उतरली आणि लगबगीनं घरात गेली. तेवढ्यात माझ्या भावानं, जो त्या दिवसांत मोठेपणी एसटीचा कंडक्टर व्हायचं म्हणून घरभर तिकिटं फाडत हिंडायचा, पत्र्यावर दोन थापा मारल्या.

जीप निघाली.

आई डबा घेऊन दारात आली तेव्हा आम्ही वीस-पंचवीस पावलं पुढं गेलो होतो. मी मागं तोंड करूनच बसले होते, म्हणजे मागं वळून बघण्याचा गुन्हाही मी केला नव्हता. आईनं मला बघितलं, मी आईला बघितलं. मी तोंड उघडलं. आणि आईनं, डबा कमरेवर घेतलेल्या माझ्या आईनं, तोंडावर बोट ठेवलं.

शाळेत बाई म्हणायच्या, हाताची घडी, तोंडावर बोट. मी हाताची घडी घातली. जीप गल्लीच्या कोपऱ्यावर वळली आणि आई दिसेनाशी झाली. भाऊ पुढं बघून हॉर्नची नक्कल करत होता. दिल्ली दरवाजा गेला, हर्सूलचा नाका गेला. मी बोलले नाही. बोललं की जीप बंद पडणार, जीप बंद पडली की मामा उपाशी राहणार. शिवाय आईनंच तर गप्प म्हटलं होतं. आई आपल्याला पाहिजे आणि आई आपल्याबरोबर नाही, या दोन गोष्टींचा मेळ मला काही बसत नव्हता.

तलावाचं पाणी दिसायला लागलं तशी मी पुढं सरकून वडिलांच्या कानाशी ओरडले, "आई मागून येतेय."

"काय?"

"आई. मागून येतेय. घरी आहे."

वडिलांनी असा ब्रेक लावला की वळकटी आत्याच्या मानेवर आली. ते उतरून मागं आले, आत डोकावले आणि एकेक बोचकं उचलून बघायला लागले. माझी आई गादीच्या वळकटीखाली मावणारी बाई नव्हती, पण त्यांनी तिथंही बघितलं.

"कधी दिसली तुला?"

"निघतानाच."

"मग बोलली का नाहीस गं?"

मी आत्याकडं बघितलं. आत्या तलावाकडं बघत होती.

"आता माघारी फिरायचं नाय," ती म्हणाली. "निघालेली गाडी माघारी फिरवत नसत्यात."

"आक्का, बायको राहिली माझी!"

"राहिली म्हणू नगं. तलाव अजून पुरता ओलांडला नाय."

वडिलांनी रागानं जीप वळवली. लोक बघत होते, आत्या पदर तोंडाला लावून बसली होती आणि भाऊ विचारत होता की परत जायचं तर तिकीट नवं लागेल का. आम्ही शहराकडे तोंड केलं तोच समोरून लाल एसटी आली आणि धुरळा उडवत आमच्या बाजूनं गेली. तिच्या तिसऱ्या की चौथ्या खिडकीत आई होती, पण ती मलाच दिसली. मांडीवर डबा.

"आई गेली," मी म्हणाले.

"कुठं गेली?" भाऊ म्हणाला.

"कुठं म्हणू नगं," आत्या म्हणाली.

"तू गप्प बस," वडील मला म्हणाले. "तेव्हा दातखीळ बसली होती आणि आता सुचतंय बोलायला."

मग मी गप्प बसले. बोललं तरी शिव्या, नाही बोललं तरी शिव्या. त्या दिवशी मी जे काही केलं ते चुकलंच. मला रडू आलं आणि रागही आला, आणि ठरवलं की आता मामाच्या गावापर्यंत कुणाशीच बोलायचं नाही.

घराला कुलूप होतं. शेजारची खाला तिच्या दारात बसून लसूण सोलत होती. आई आणि खाला यांचं वाटीभर साखर, मूठभर कोथिंबीर असं रोजचं जाणं-येणं. जीप परत आलेली बघून ती उठलीसुद्धा नाही.

"वो तो गये ना, भाईसाब. बस से," ती म्हणाली. "मैं बोली, मैं पुकारूँ क्या उनको? वो बोले, नक्को खाला, पीछे से नक्को पुकारो, काम बिगड़ता. फिर चाबी मेरे पास दिये और दिल्ली दरवाजे कू चले गये."

वडील जीपच्या चाकाकडं बघत उभे राहिले. मग म्हणाले, "आक्का, तुमच्या नियमानं माझी बायको मला सोडून माहेरी गेली." दुसऱ्यांदा निघताना आत्यानं कुणालाच दही दिलं नाही, हे माझ्या लक्षात आलं. दही आत कुलपात होतं, तेही खरंच.

मग सुरू झाला पाठलाग. वडिलांचा हिशोब असा की एसटी दर गावाला थांबते, जीप थांबत नाही, तेव्हा फुलंब्रीला तिला गाठू. त्यांनी जीप अशी हाणली की आत्यानं देवाची जितकी नावं तिला येत होती तितकी घेतली. चौक्याच्या घाटात वळण घेतलं आणि समोर मेंढरं. शंभर असतील, दोनशे असतील, अख्खा रस्ता पांढरा-काळा. धनगर खांद्यावर घोंगडी टाकून निवांत चालला होता. वडिलांनी हॉर्न दाबला. मेंढरं थांबली आणि जीपकडं बघायला लागली.

"वाजवू नगा," धनगर म्हणाला. "वाजिवलं की उभी ऱ्हात्यात."

"एसटी गेली का इथून?"

"गेली की. तिनं नाय वाजिवलं."

आम्ही मेंढरांच्या मागं मेंढरांच्या चालीनं घाट चढलो. भाऊ खाली उतरून मेंढरांची तिकिटं फाडायला लागला. एका कोकराला त्यानं अर्धं तिकीट दिलं. एवढा वेळ रागात असलेली मी हसले, आणि हसल्यावर राग परत आणता येईना. सीताफळांची झाडं दोन्ही बाजूंनी होती, ऊन कोवळं होतं, आणि खरं सांगायचं तर मला मजा वाटायला लागली होती. आई सुखरूप आहे हे मी स्वतः पाहिलं होतं. मजा न वाटणारा माणूस फक्त स्टिअरिंगवर होता.

हळू चढल्यानं रेडिएटर तापला आणि फुलंब्रीला थांबावंच लागलं. गेल्या वर्षीचं तेच झाड, तोच विहिरीवरचा माणूस. त्यानं आम्हाला ओळखलं. "या. औंदा बी आलात का," तो म्हणाला आणि बादली घेऊन उठला. इंजिन गार होईपर्यंत आत्यानं दशम्या सोडल्या. लसणाची चटणी, दही नव्हतंच, कांदा बुक्कीनं फोडला. वडील म्हणाले, "तुम्ही खा, माझी भूक मेलीय." मग झाडाला टेकून उभ्याउभ्या त्यांनी चार दशम्या खाल्ल्या. रस्त्याकडेच्या दशमीला जी चव असते ती घरच्या ताटातल्या दशमीला नसते, हे मी आजही पैजेवर सांगेन.

सिल्लोडच्या स्टँडवर वडिलांनी तिथल्या कंट्रोलरला गाठलं. एसटी केव्हाच पुढं गेली होती.

"एक बाई होती का तिच्यात? एकटी?"

"लई बाया व्हत्या. सण हाय. कशा दिसत्यात?"

वडील अडखळले. "अशी... मध्यम. हातात पितळी डबा."

"लुगडं कोणतं?"

वडिलांना ते सांगता येईना. दहा-बारा वर्षांचा संसार झालेला माणूस, पण सकाळी बायको काय नेसली होती हे त्याला आठवेना. जीपमध्ये बसल्या जागेवरून आत्या म्हणाली, "हिरवं. तांबड्या काठाचं. तीन वर्सांमागचं हाय, भाऊबीजंसाठी घेतलेलं. नेसलंच नव्हतं अजून."

कंट्रोलरनं मान हलवली. त्यानं पाहिली होती. "पेरू घेत व्हत्या, खिडकीतून," तो म्हणाला.

सिल्लोड ते अजिंठ्याचा फाटा या वाटेत मी आणि भाऊ पेरू खात होतो. वडिलांनीही पेरू घेतले होते, आणि का घेतले हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

फाट्यापासून आत बैलगाडीची वाट. जीप एकेका खड्ड्यात उतरायची, विचार करायची आणि वर यायची. मामाच्या वाड्यासमोर पोचलो तेव्हा दुपार कलली होती. आई ओट्यावर भिंतीला टेकून पाय लांब करून बसली होती. तिला पाय लांब करून बसलेली मी पहिल्यांदाच पाहत होते. हातात चहाचा कप. शेजारी मामा, कपाळावर कुंकवाचा मोठा टिळा, अंगावर नवा सदरा, तोंडात अनारसा. मामा जेवला होता. ते त्याच्या पोटाकडं बघूनही कळत होतं.

"आलात का," आई म्हणाली. "किती उशीर केलात."

वडील उतरले. दिवसभर त्यांनी जे बोलायचं ठरवलं होतं ते सगळं त्यांच्या तोंडावर आलं आणि तिथंच विरलं. "पेरू आणलेत," ते म्हणाले.

"ववाळलं का गं भावाला?" आत्यानं विचारलं.

"पोचल्या पोचल्या ओवाळलं, आक्का. तुमची वाट बघत बसले असते तर पुन्हा काहीतरी राहिलं असतं."

ती तो शब्द आत्याच्या तोंडावर बोलली, आणि आवाज अजिबात चढवला नाही. आम्ही सगळे आत्याकडं बघायला लागलो. आत्या पायावर पाणी घेऊन आत गेली.

संध्याकाळी आई विहिरीवर धुणं पिळत होती तेव्हा मी तिच्याजवळ गेले. आत्या पलीकडे दगडावर बसून वाल सोलत होती.

"मला दिसली होतीस तू," मी म्हणाले.

"माहीत आहे."

"तू हाक का नाही मारलीस?"

आईनं पीळ सोडला आणि माझ्याकडं बघितलं. "आणि तू नुसतं माझं बोट बघून गप्प राहिलीस?"

"मामा उपाशी राहिला असता. गेल्या वर्षी माझ्यामुळं रेडिएटर फुटला ना."

आई खाली बसली. ओल्या हातानं तिनं माझी हनुवटी धरली. "रेडिएटर गंजला होता म्हणून फुटला," ती म्हणाली. "तुझ्या हाकेनं काही फुटत नाही." मग जरा थांबून म्हणाली, "मलाही तसंच वाटलं बघ. मागून हाक मारली तर आजही जाणं व्हायचं नाही. म्हणून म्हटलं, गाडी जाऊ दे. निदान जाणं तरी होऊ दे."

आपल्याशिवाय आपलं माहेरी जाणं व्हावं म्हणून आई गप्प बसली होती. हे तिचं तिलाही त्याक्षणी कळलं असावं, कारण आम्ही दोघी एकदम हसायला लागलो. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग तिनं मला एसटीची गोष्ट सांगितली. खिडकीची जागा मिळाली. कुणी पाणी मागितलं नाही, कुणाला उलटी झाली नाही. पेरू अख्खा तिनं एकटीनं खाल्ला, फोडी न करता. फाट्यावरून डबा कमरेवर घेऊन चालत आली, ओळखीच्या बांधावरून, आणि वाटेत तिला कुणी अमक्याची बायको म्हटलं नाही, अमक्याची मुलगी म्हटलं.

"फार बरं वाटलं गं," ती म्हणाली. "चार वर्षांनी आले आणि उद्या सकाळी निघायचं. अजून शेताकडंही गेले नाही. असू दे. एवढं झालं हेच खूप."

वालाच्या शेंगा मोडण्याचा आवाज थांबला होता. मी वळून बघितलं तेव्हा आत्या टरफलं गोळा करत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तोच विधी. मामीनं दही आणलं. वडील घड्याळ बघत बसले, आत्या पुढं बसली, मी आणि भाऊ मागं. आई मामापाशी दारात उभी होती. मामा तिचा हात धरून काहीतरी सांगत होता आणि आई ऐकत होती, पाय जीपकडं, तोंड भावाकडं. माझ्या भावानं पत्र्यावर दोन थापा मारल्या. त्याला आदल्या दिवशी त्याबद्दल मार मिळाला होता, पण कंडक्टर लोक असल्या गोष्टींनी खचत नाहीत.

जीप हलली. आणि मी, कालपासून साठवलेल्या सगळ्या दमानं, ओरडले, "आई राहिली!"

अख्ख्या गल्लीनं ऐकलं असेल. कोंबड्या पळाल्या. वडिलांनी करकचून ब्रेक लावला. आईनं चटकन मामाच्या हातातून हात सोडवला, डोळे पुसले आणि जीपकडं निघाली. "आले, आले," ती म्हणाली. "एवढं ओरडायचं कशाला गं, येतच होते." तिचा तो रिकामा हात बघून मला एकदम वाटलं की मी ओरडायला नको होतं. काल ओरडायचं तेव्हा गप्प बसले, आज गप्प बसायचं तेव्हा ओरडले.

आई साखळीपर्यंत आली तेवढ्यात आत्या पुढून खाली उतरली. तिनं पदर खोचला.

"उतरा समदे," ती म्हणाली. "हाक पडली."

"आक्का?" वडील म्हणाले.

"निघताना मागून हाक पडली. आता आज निघणं नाय. उद्याच्याला बघू."

"आक्का, मला ऑफिस आहे. रजा नाही माझी."

"रस्त्यात गाडी मोडली तर हापिसात कसा पोचशील? सायबाला सांग, हाक पडली." ती आईजवळून जाताना थांबली, पण तिच्याकडं न बघता बोलली. "जा वैनी. भावाला घिऊन शेताकडं जाऊन ये. सैपाकाचं मी आन् तुझी भावजय बघतो."

आई साखळी धरून तशीच उभी राहिली. मग तिनं साखळी सोडली.

पण मला राहवेना. मला नियम तोंडपाठ होते आणि मी अन्याय सहन करणारी नव्हते. आत्याच्या मागं धावत मी म्हणाले, "आत्या, पण हाक मागून कुठं पडली? मी तर जीपमध्ये होते. मी तर पुढून ओरडले."

आत्या उंबऱ्यात थांबली आणि माझ्याकडं वळून बघितलं.

"हाताची घडी," ती म्हणाली. "तोंडावर बोट."